गोल करायचं ते शेवटी

सरांनी मला पहिल्याच दिवशी, ओळख होऊन पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती तेव्हा, माझं वय विचारलं. मी बदली होऊन तलासरी तालुक्यातल्या त्या डोंगराकडच्या शाळेत रुजू व्हायला आले होते. जीपच्या धक्क्यांनी कंबर खिळखिळी झाली होती, पदर धुळीने माखला होता, आणि समोर हा माणूस. पांढरा शर्ट, पायात रबरी चपला, गळ्यात लाल दोऱ्याला अडकवलेली एक मोठी किल्ली. मी म्हटलं, चौतीस.

"चौतीस आणि किती महिने?"

"सात."

"मग पस्तीस," असं म्हणून ते हजेरीचं पुस्तक उघडून कामाला लागले.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. माझे वडील रेल्वेत. डहाणूला त्यांची अख्खी नोकरी गेली. आमच्या घरी कुणी ‘आठ वाजता’ असं म्हणत नसे, सात सत्तावन्न म्हणत. आई कुकरसुद्धा नऊ अकराला लावायची. अशा घरात वाढलेल्या मुलीचे पाच महिने या गृहस्थाने बसल्या जागी खाऊन टाकले आणि वर ढेकरही दिला नाही. मी तेव्हाच ठरवलं, या माणसाशी कामापुरतं बोलायचं. पुढची तीन वर्षं मी त्यांच्याशी रोज जाता-येता जीपमध्ये तासभर भांडत होते, हा भाग वेगळा.

सर गणित शिकवायचे. राहायला नरपडला, समुद्राच्या अंगाला. तिथून सायकलने डहाणूला यायचे, आणि मग आम्ही एकाच जीपने शाळेकडे निघायचो. त्यांना जगातली एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे आकडा गोल करणं. म्हणजे अधलामधला आकडा उचलून जवळच्या पूर्ण आकड्यावर नेऊन बसवायचा. सहा पूर्णांक दोनचे सहा, सहा पूर्णांक आठचे सात, आणि बरोबर साडेसहा असतील तर वरचे, म्हणजे सातच. एवढीशी गोष्ट, पाचवीच्या मुलांना एका तासात शिकवून मोकळं व्हावं अशी. सरांनी तिच्यावर संसार उभा केला होता.

त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला मिनिटकाटा नव्हता. तुटला नव्हता, त्यांनी काढला होता. डहाणूच्या घड्याळजीने असलं काम करायला नकार दिला, तेव्हा घरी बसून चिमट्याने उपटला आणि कंपासपेटीत ठेवून दिला. मिनिटं म्हणजे दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना वेळ विचारली की ते नुसतं ‘दहा’ म्हणायचे, नाहीतर ‘अकरा’. माझ्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले, आणि हा माणूस रेल्वेत नव्हता ना, एवढंच त्यांनी विचारलं. मात्र खोटं बोलणार नाही, सर उशिरा कधी येत नसत. तासकाटा नऊ आणि दहाच्या मध्यावरून जरा पुढे सरकला की त्यांचे दहा वाजायचे, आणि मग ते जीप पकडायला असे पळत सुटायचे की बघणाऱ्याला वाटावं मागे कुणी लागलंय.

तलासरी नाक्यावर जीप बदलताना आम्ही चहा घ्यायचो. हॉटेलवाले काका गुजराती. सर अर्धा चहा मागायचे. काकांनी अर्धा दिला की शांतपणे कप पुढे करायचे आणि सांगायचे, अर्धा म्हणजे वरचा आकडा, तेव्हा पूर्ण भरा. पहिल्या दिवशी काका हसले आणि त्यांनी भरला. दुसऱ्या दिवशीही भरला. असं महिनाभर चाललं. मग एक दिवस काकांनी कप अर्ध्याच्या किंचित खाली भरला, सरांसमोर ठेवला, त्यांनी हात पुढे केल्याबरोबर उचलून परत घेतला आणि स्वतः पिऊन टाकला.

"अडधाथी ओछी छे," काका मिशी पुसत म्हणाले, म्हणजे अर्ध्याहून कमी आहे. "एटले झीरो."

मी तर पोट धरून हसले. मला वाटलं आता सर चिडतील. डोंबल. ते इतके खूश झाले की त्यांनी काकांचा हात हातात घेऊन दाबला आणि जीपमध्ये वाटभर मला सांगत राहिले की नियम असा पाळणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते निमूट पूर्ण चहा मागू लागले.

मी रुजू व्हायच्या आधी शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा म्हणे सगळे शिक्षक दोन पावलं मागे सरले, आणि सर सरले नाहीत म्हणून खोलीची किल्ली त्यांच्या गळ्यात पडली. अक्षरशः गळ्यात. ती त्यांनी आंघोळीलाही काढली नसावी. खोली त्यांनी स्वतः पांढऱ्या चुन्याने रंगवली, खिडकीला जाळी मारली, आणि मुलांना चपला बाहेर काढायला लावल्या. मग ते स्वतः प्रोग्रॅम करायला शिकले आणि मुलांना शिकवू लागले. त्यात टायपिंग वगैरे नसतं. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, एकेका ठोकळ्यावर एकेक हुकूम. इतकी पावलं चाल, वळ, थांब, अमुक बोल. ठोकळे ओढून एकाखाली एक जोडले की पडद्यावरचं चित्र तसं वागतं. मला सगळा पोरखेळ वाटायचा. त्या ठोकळ्यांत गोल करायचा एक ठोकळा सरांना सापडला, आणि झालं. आंधळ्याला डोळे मिळावेत तसं त्यांचं झालं.

तसे तीन होते म्हणा. एक जवळच्या आकड्यावर नेणारा. दुसरा काही झालं तरी खालीच नेणारा, आणि तिसरा काही झालं तरी वरच नेणारा. सर मुलांना सांगायचे, एक शहाणा, एक ओटीवर बसून राहणारा आणि एक माळ्यावर चढून बसणारा. मग त्यांना गावातली सगळी माणसं या तीन खणांत बसवायचा नाद लागला. आमचे मुख्याध्यापक माळ्यावरचे, त्यांना कुठलाही आकडा वाढवूनच सांगायची सवय. शिपाईमामा ओटीवरचे. मी कोण, असं एकदा विचारलं तर म्हणाले, बाई, तुम्ही तर अजून ठोकळाच नाही, नुसतं दशांश चिन्ह आहात. मी दोन दिवस बोलले नाही.

हे शिकवायची त्यांची पद्धतही तशीच. व्हरांड्यातल्या लाद्यांवर खडूने आकडे लिहायचे, मुलांना दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी उभं करायचं आणि शिट्टी वाजवायची. शिट्टी वाजली की ज्याने त्याने जवळच्या आकड्यावर उडी मारायची. बरोबर मधोमध असेल त्याने पुढच्या. पुढच्याच का, असं एका मुलाने विचारलं. सरांनी सांगितलं, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलास तर मागे बघत बसशील की पुढे पळशील? तो मुलगा म्हणाला, मागे पळेन, घर मागे आहे. सर त्यावर दिवसभर विचार करत होते.

आता जे झालं ते सांगते. ते झालं नसतं तर हे सगळं नुसतंच वेड म्हणून विसरले असते.

कॉम्प्युटर आले तेव्हा दहा होते. दमट हवा, उंदीर आणि जाणारी-येणारी वीज यांनी मिळून चार मारले. एकात तर पालीने अंडी घातली होती. सहा चालत होते. वरून एक तक्ता आला, चालू कॉम्प्युटर किती ते लिहा. सरांनी लिहिलं, दहा. मी विचारलं, अहो, चालतात सहा ना? तर म्हणाले, सहा हे शून्यापेक्षा दहाला जवळ आहेत. मुख्याध्यापकांनी न वाचता सही ठोकली, कारण दहा हा आकडा त्यांना आवडला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. इतक्या लहान शाळेत दहा चालू कॉम्प्युटर कशाला, ते एका मोठ्या शाळेला का देऊ नयेत, अशी विचारणा होती. साहेब पाहणीला येतील. मुलांनी स्वतः केलेलं, गावच्या जगण्याशी संबंध असलेलं एखादं काम दिसलं आणि खोली खरंच वापरात आहे असं पटलं तर ठीक. नाहीतर टेम्पो येऊन सगळं घेऊन जाईल. मधे होते तीन आठवडे.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते पत्र त्यांनी चारदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि तासावर गेले. त्या दिवशी त्यांनी एकही आकडा गोल केला नाही. मलाही वाईट वाटलं, आणि त्याचं कारण जयवंती. सातवीतली मुलगी, डोंगरापलीकडच्या पाड्यावर घरची भात-नाचणीची शेती. माझ्या मराठीच्या तासाला तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही. मी एकदा तिला सुट्टीवर निबंध लिहायला सांगितला तर तिने ‘सुट्टी बरी होती’ एवढं लिहून वही परत दिली होती. पण त्या चुन्याच्या खोलीत मी तिला धडाधडा बोलताना ऐकलं होतं. मुलांना हे कर, ते कर, असं सांगत होती. टेम्पो आला असता तर ती मुलगी पुन्हा मुकी झाली असती. म्हणून मीही त्या भानगडीत पडले.

काम काय करायचं ते जयवंतीनेच सुचवलं. संध्याकाळी कोंबडा शेतातून खुराड्यात परत येतो, तेवढंच. कोंबडा तिच्या घरचा. तिच्या आजोबांनी त्याचं नाव तलाठी ठेवलं होतं, कारण तो सगळ्यांच्या अंगणात फिरायचा आणि हवा असेल तेव्हा कुणालाच सापडायचा नाही.

सरांना वाटलं, कोंबडा दाखवायचा तर त्याचं पाऊलही खरं हवं. झालं, तलाठी शाळेत आला. व्हरांड्यात चुलीतली राख पसरली, म्हणजे पावलं उमटतील. पण तलाठी चालेल तर शपथ. तो एका जागी उभा राहून आमच्याकडे एका डोळ्याने बघत होता. मग सर स्वतः वाकून हातात तांदळाचे दाणे घेऊन त्याच्यापुढे उलटे चालू लागले, तोंडाने टक् टक् करत. मागून तलाठी, त्याच्या मागून पट्टी घेऊन चौदा मुलं. नेमके तेव्हा मुख्याध्यापक तालुक्याहून परत आले. त्यांनी हा प्रकार पाहिला, काही न विचारता ऑफिसात गेले आणि आतून कडी लावली. तलाठी दोनदा उडाला, एकदा माझ्या टेबलावर बसून सातवीच्या वह्यांवर आपली सही करून गेला, पण वीस पावलं मिळाली. मुलांनी मोजली, बेरीज केली, भागलं. एक पाऊल सतरा पूर्णांक तीन सेंटिमीटर.

पडद्यावर जयवंतीने डावीकडे कोंबडा काढला आणि उजवीकडे खुराडं, मधलं अंतर चारशे. एक सेंटिमीटर म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. ठोकळे असे जोडले की कोंबड्याने सतरा पूर्णांक तीनचं एकेक पाऊल टाकत जायचं, आणि अंतर चारशे झालं की थांबून म्हणायचं, ‘आलो’. तो ‘आलो’ जयवंतीने स्वतःच्या आवाजात भरला होता.

बटण दाबलं. कोंबडा निघाला, टुकूटुकू खुराड्यापर्यंत गेला, खुराड्यातून आरपार गेला आणि पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन तिथेच पाय आपटत राहिला. ‘आलो’ काही म्हणाला नाही. मुलं ओरडली, तलाठी गुजरातला गेला. गुजरात आमच्या शाळेपासून खरंच त्याच बाजूला आहे.

का गेला, तर तेविसाव्या पावलाला दोन ठिपके कमी पडत होते आणि चोविसाव्याला पंधरा जास्त होत होते. नेमके चारशे कधी यायचेच नाहीत, आणि कॉम्प्युटर तर नेमक्या चारशेची वाट बघत बसलेला. आपल्याला दिसतं हो, कोंबडा दारात पोचलाय. त्याला नाही दिसत.

सरांनी हात झटकले. हे तर त्यांच्या घरचंच काम. पाऊल गोल करा, म्हणाले, सतराचे वीस. वीस गुणिले वीस चारशे. ठोकळ्यात वीस घातले, बटण दाबलं, कोंबडा बरोबर खुराड्याच्या दारात थांबला आणि जयवंतीच्या आवाजात ‘आलो’ म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जयवंतीने नाही वाजवल्या.

"हा आमचा तलाठी नाय," ती म्हणाली. "तो एवढ्या ढांगा नाय टाकत. हा कुणाचा तरी दुसराच कोंबडा आमच्या खुराड्यात घुसलाय."

सरांनी तिला समजावलं. मग जरा आवाज चढवला. मग पुन्हा समजावलं. ती आपली एकच म्हणत राहिली, सतरा पूर्णांक तीन. दुसऱ्या दिवशी ती खोलीत आलीच नाही. दारात, चपलांच्या शेजारी, हाताची घडी घालून बसून राहिली. चित्रं तिची, आवाज तिचा, त्यामुळे काम अडलं. असा अख्खा आठवडा गेला. साहेब यायला आठ दिवस उरले, आणि आत पन्नाशी उलटलेला माणूस रुसलेला, बाहेर बारा वर्षांची मुलगी रुसलेली. मी मधल्या मधे आत-बाहेर खेपा घालत होते.

शेवटी परतीच्या जीपमध्ये माझा तोल गेला. मी सरांना म्हटलं, हा टेम्पो तुम्ही बोलावलात. सहाचे दहा कुणी केले? आता त्या मुलीच्या कोंबड्याचे सतराचे वीस करताय. तुमचं या अपूर्णांकांनी काय घोडं मारलंय, ते तरी एकदा सांगा.

ते म्हणाले, बाई, माझी जन्मतारीख एक जून आहे.

मला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची आई सांगायची की ते नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी झाले, किनाऱ्यावर होड्या निघायच्या तयारीत होत्या तेव्हा. वडिलांनी त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला एकाच दिवशी शाळेत नेलं. गुरुजींनी जन्मतारीख विचारली. वडील म्हणाले, होड्या निघाल्या तेव्हाची. गुरुजींनी दोघांच्याही नावापुढे एक जून लिहिलं, सालही एकच. वर्गातल्या अकरा मुलांची तारीख एक जूनच होती. दोन भावांत वर्षभराचं अंतर, पण कागदावर ते जुळे. लहानपणी त्यांना त्याचा फार राग यायचा. आईला सांगून उपयोग नव्हता, गुरुजींना सांगायची सोय नव्हती. मग त्यांनी ठरवलं की आपल्यालाच गोल केलंय तर आपण सगळं जगच गोल करू, म्हणजे एकटं वाटणार नाही.

"आणि आता निवृत्तीही त्याच तारखेने," ते म्हणाले. "एक तारखेचा जन्म असला की आदल्या दिवशीच सुट्टी. एकतीस मे. शाळेत चिटपाखरू नसतं तेव्हा."

तीन वर्षांत पहिल्यांदाच मी त्या जीपमध्ये भांडण अर्धं सोडलं.

सोमवारी सकाळी जयवंती चपलांपाशी बसली नव्हती, थेट खोलीत जाऊन उभी होती. तीन संध्याकाळी तिने अंगणात बसून तलाठ्याकडे टक लावून पाहिलं होतं. घरच्यांना वाटलं मुलीला काही झालं. तिने पाहिलं ते हे, की तलाठी रोज वेगळ्या ठिकाणाहून निघतो, पावलं मात्र आपली टाकतो तीच टाकतो. आणि दाराशी आला, पाऊलभरही जागा उरली नाही, की तो शेवटचं पाऊल टाकतच नाही. टुणकन उडी मारून आत जातो.

"गोल करायचं तर शेवटी करा ना, सर," ती म्हणाली. "आधीपासून कशाला?"

सर खुर्ची ओढून बसले आणि ठोकळे हलवू लागले. पाऊल पुन्हा सतरा पूर्णांक तीन केलं. प्रत्येक पावलानंतर उरलेलं अंतर घ्यायचं, त्याला एका पावलाने भागायचं, आणि येईल तो आकडा त्या लाडक्या ठोकळ्यात घालून गोल करायचा. शून्य आलं की थांब. म्हणजे साध्या भाषेत, अर्ध्या पावलाहून कमी उरलं की घर आलं असं समज. बटण दाबलं. तलाठी आपल्याच चालीने गेला, तेविसाव्या पावलाला खुराड्यापाशी थांबला, टुणकन उडाला आणि म्हणाला, ‘आलो’.

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "बराबर," एवढंच म्हणाले.

साहेब आले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी बंद पडलेल्या चार कॉम्प्युटरना हार घातले होते आणि वरून झाकणं टाकली होती, म्हणजे दहाही चालू वाटावेत. साहेबांनी खोलीत पाऊल टाकलं आणि तक्ता काढून विचारलं, दहा चालू ना? मुख्याध्यापकांची मान होकारात अर्धी खाली गेली होती. तेवढ्यात सर पुढे झाले आणि म्हणाले, साहेब, सहा. चार बंद आहेत. दहा मीच लिहिले होते. मधेच गोल केलं, चुकलं माझं.

मला वाटलं, आली टेम्पोची वेळ. साहेबांनी नुसतं काम दाखवा म्हटलं. जयवंतीने बटण दाबलं. पडद्यावरचा तलाठी निघाला, पोचला, ‘आलो’ म्हणाला. खरा तलाठी दाराबाहेर टोपलीखाली ठेवला होता, त्याला आपला हक्क कुणी हिरावतंय असं वाटलं की काय कोण जाणे, तो आतल्या आत अशी बांग देत सुटला की साहेबांच्या हातून पेन पडलं. साहेब हसायला लागले. मग त्यांनी जयवंतीला विचारलं की पाऊल सरळ वीसचं का नाही केलं, सोपं गेलं असतं. माझी मुकी मुलगी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, मग तो दुसराच कोंबडा होतो, साहेब.

साहेबांनी लिहायला घेतलं. लिहिता लिहिता सरांना विचारलं, तुमची नोकरी किती राहिली. सरांनी सांगितलं, एकतीस मेपर्यंत.

"एक जून का?" साहेब म्हणाले. "मीही."

मग साहेबांनी विचारलं की सर गेल्यावर ही खोली कोण बघणार. कुणी बघणारं नसेल तर सहा काय आणि दहा काय, हलवावेच लागतील. मुख्याध्यापक छताकडे बघू लागले, बाकीचे जमिनीकडे. सर कुणाकडेच बघत नव्हते, गळ्यातली किल्ली चाचपत होते. आणि माझ्या तोंडून ‘मी’ निघून गेलं. कसं गेलं ते देवाला ठाऊक. मला मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही. पण साहेबांनी ते लिहून घेतलं, आणि टेम्पो काही आला नाही.

त्यानंतर शाळेला सुट्टी लागेपर्यंत सर मला रोज तासभर शिकवत होते. इतका चिवट शिक्षक शत्रूलाही मिळू नये. एकतीस मेला रणरणत्या उन्हात मी डहाणूहून शाळेत गेले. मुख्याध्यापक गावी गेले होते. मुलं नाहीत, फळ्यावर एप्रिल महिन्यातली तारीख. सरांनी गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. त्यांच्या मानेवर दोऱ्याचा पांढरा पट्टा उठला होता. निरोपाचे दोन शब्द बोलावे म्हणून मी तोंड उघडलं, आणि म्हटलं की निरोपाचं आज नाही, ते शेवटी करू. ते हो म्हणाले आणि जीपकडे चालू लागले.

शाळा उघडल्यावर मी जयवंतीला होड्यांची गोष्ट सांगितली. बाकीचं तिनेच ठरवलं. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळी शाळा व्हरांड्यात बसली होती, लाद्यांवर खडूने आकडे लिहिलेले. सर नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आले. मी वेळ विचारली. त्यांनी मनगट वर केलं, त्यात मिनिटकाटा होता, जरा वाकडा, पण होता.

"दहा बावीस," ते म्हणाले. मी माझ्या घड्याळात पाहिलं. दहा बावीसच होते.

मुलांनी त्यांना अठ्ठावन्नच्या लादीशेजारी नेऊन उभं केलं. कुणीतरी शिट्टी वाजवली. सर जागचे हलले नाहीत. मी जुना राग काढायची संधी थोडीच सोडणार, मी विचारलं, काय सर, अठ्ठावन्न आणि किती महिने?

"महिने शून्य, दिवस शून्य," ते म्हणाले. "आज गोल करायला काही उरलंच नाही, बाई." आणि ते एक साधं पाऊल टाकून लादीवर उभे राहिले. मुलांनी आरडाओरडा केला. माझे डोळे भरून आले, ते मी राखेवर ढकललं, राख नव्हती तरी.

संध्याकाळी त्यांना जीपपर्यंत सोडायला मी आणि जयवंती गेलो. तलाठी आमच्या मागे मागे आला होता. सर आत बसले, डबा मांडीवर घेतला, जीप सुरू झाली, आणि मग त्यांनी डोकं बाहेर काढून मला हाक मारली.

"बाई, त्या दिवशी तुम्ही चौतीसच होतात."

मला अडतिसावं लागलं होतं. तरी माझे पाच महिने मला परत मिळाले.